कापड आधी धुतलं, तरी गोधडी आटली

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: त्या दोन वर्षांपासून गोधड्या शिवायला शिकताहेत. पहिली पूर्ण झालेली गोधडी भाचीच्या बाळासाठी होती, ४२ इंच बाय ४२ इंच. कापड आणल्याबरोबर सगळं थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवलं होतं, मधे शुद्ध सुती बॅटिंग, म्हणजे दोन कापडांच्या मधला मऊ भरावाचा थर, घातलं होतं. भाचीने पहिल्यांदाच ती गरम पाण्यात मशीनला लावली, ड्रायरमध्ये वाळवली आणि गोधडी ४० इंचांवर आली. सगळीकडून सुरकुतली, लाल तुकड्यांशेजारच्या पांढऱ्यावर गुलाबी झाक आली. भाची म्हणते, “मावशी, मला ती अशीच आवडते.” पण ती आपलं मन राखण्यासाठी तसं म्हणते, असं ह्यांना वाटतं. आता वडिलांच्या जुन्या शर्टांची गोधडी आईसाठी शिवायची आहे. वडील मागच्या वर्षी गेले. शर्टांबरोबर थोडं नवं सुती कापड, ५ इंची तयार चौकोनांचं एक पाकीट आणि मागे फ्लॅनेल, असा बेत आहे. शिवणवर्गातली मैत्रीण म्हणते, सगळं धुऊनच घे. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, कापड कोरंच कापावं. अर्धं कापड धुऊन झाल्यावर ह्या थांबल्या आहेत. “मी कुठे चुकले? आता पुढे काय करू? आणि शर्ट धुवायला तर हातच होत नाही, बाबांचा वास आहे अजून त्यांना.”

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य वाचल्यावर मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. शर्टांविषयी बोलायचंच आहे. पण आधी पहिल्या गोधडीचा हिशेब मिटवू या. तो मनात तसाच ठेवून तुम्ही शर्टांना कात्री लावायला बसलात, तर प्रत्येक काप भीत भीत जाईल.

मी कुठे चुकले, असं तुम्ही विचारता. ह्या प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. कापड आधी धुतलं की गोधडी आटायला नको, ही एक. आणि आटलेली गोधडी म्हणजे बिघडलेली गोधडी, ही दुसरी. दोन्ही जरा उलटून पाहू.

गोधडीला तीन थर असतात आणि तुम्ही त्यातले दोनच धुतले होते. मधल्या बॅटिंगला पाणी लागलंच नव्हतं. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. बहुतेक पाकिटांवर हा आकडा छापलेला असतो, पण पाकीट फोडायच्या घाईत तो वाचायचा राहतो. ४२ इंचांचे ५ टक्के म्हणजे २ इंचांहून थोडं जास्तच. तुमचे हरवलेले २ इंच मुख्यतः तिथे गेले. बॅटिंग आत आखडलं. वरचं कापड बरंचसं आधीच आटून बसलेलं, ते त्याच्याबरोबर तितकं लहान होईना. मग दोन धावदोऱ्यांच्या मधल्या जागेत ते फुगलं, सुरकुतलं.

थोडा वाटा धुण्याच्या पद्धतीचाही आहे. तुम्ही कापड थंड पाण्यात धुतलंत, सावलीत वाळवलंत, आणि त्याच कापडाला भाचीकडे गरम पाणी आणि ड्रायर भेटला. थंड पाण्यात कापड जेवढं आटायचं तेवढं आटलं, उरलेलं आटणं त्याने राखून ठेवलं होतं. म्हणून मी नेहमी सांगते, गोधडी पुढे जशी धुतली जाणार, तसंच कापड आधी धुवा. जिच्या घरी ती जाणार तिला विचारा: मशीन की हाताने, गरम पाणी की थंड, दोरीवर की ड्रायरमध्ये? हे चार शब्दांचं विचारणं पुढचा बराच मनस्ताप वाचवतं.

कापड आटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचे निर्णय सोपे होतात. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. नंतर धुलाई, रंगाई, छपाई, खळ ह्या सगळ्या कामांतही कापड लांबीत ओढलं जातं आणि त्याच ओढलेल्या अवस्थेत गुंडाळीवर जातं. घरी आल्यावर त्याला पहिल्यांदा मनसोक्त पाणी मिळतं. सुताचे तंतू पाणी पिऊन फुगतात, धागा जाड होतो. उभ्या धाग्याला आता जाड झालेल्या आडव्या धाग्यांवरून-खालून वळसे घेत जायचं असतं. वळसा मोठा झाला, धाग्याची लांबी तेवढीच. म्हणून कापड आखूड होतं. म्हणूनच कापड सहसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, आणि सगळ्यात जास्त पहिल्याच धुण्यात. घट्ट विणीच्या चांगल्या सुती कापडाचं आटणं २-३ टक्क्यांत भागतं. सैल विणीचं मांजरपाट, फ्लॅनेल, लिनन ह्यांचं त्याहून अधिक. पॉलिएस्टरचा तंतू पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तो जवळजवळ आटत नाही.

आता तुमची दुसरी समजूत. भाचीचं बोलणं खरं मानायला तुम्ही तयार नाही, पण मी तयार आहे. धुतल्यावर येणाऱ्या त्या बारीक सुरकुत्यांसाठी कित्येक जणी मुद्दाम कोरं कापड आणि सुती बॅटिंग वापरतात, म्हणजे नवी गोधडी पहिल्याच धुण्यात अनेक वर्षं वापरल्यासारखी मऊ दिसते. शिवणीतला एखादा बिंदू जुळला नसेल, धावदोरा थोडा वाकडा गेला असेल, ते सगळं त्या सुरकुत्यांत लपतं. तुम्हाला सपाट गोधडी हवी होती आणि हाती दुसरीच आली, ह्याची चुटपुट मी समजू शकते. पण बाळाच्या अंगाखाली अंथरायला तीच जास्त मऊ आहे. भाचीचा शब्द घ्या.

मग मैत्रीण बरोबर की बाई? दोघींचं बोलणं त्यांच्या त्यांच्या कामातून आलंय. कोऱ्या कापडाला गिरणीतली खळ असते, ते ताठ राहतं, कापताना सरकत नाही, पाव इंचाची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, अचूक पडते. सगळं कापड एकाच जातीचं आणि सगळंच कोरं असेल, तर तीनही थर पुढे मिळून आटतात, कुणाची ओढाताण होत नाही. बाई बहुधा अशाच गोधड्या शिवत असतील. तुमची मैत्रीण वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या जातींचे तुकडे जमवत असेल. असं कापड न धुता एकत्र शिवलं तर एक तुकडा १ टक्का आटतो, शेजारचा ५ टक्के, आणि जिथे ते भेटतात ती शिवण चुणीसारखी गोळा होते. आटण्याला मी घाबरत नाही. एकाच गोधडीतले तुकडे कमीजास्त आटले तर मात्र तो व्रण कायमचा.

हे मी स्वतः भोगलंय. वरचा थर नीट धुतलेल्या कापडाचा शिवला आणि वेळ नाही म्हणून मागे कोरं फ्लॅनेल लावलं. पहिल्या धुण्यानंतर चारही कडा मागच्या बाजूला वळल्या, ताटाच्या काठासारख्या. हाताने सपाट करावी, वर पुस्तकं ठेवावीत, पुस्तकं काढली की पुन्हा वळायची. शेवटी गोट, म्हणजे कडेला शिवलेली पट्टी, उसवला, सगळे धावदोरे उसवले, मागचं कापड बदललं. तीन आठवडे गेले. तेव्हापासून फ्लॅनेल मी दोनदा धुते. तुम्हीही आधी तेच हातात घ्या: गरम पाणी, पूर्ण वाळवणं, पुन्हा गरम पाणी, पुन्हा वाळवणं. मागचं कापड वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ३-४ इंच मोठं लागतं, ते माप धुऊन झाल्यावर भरायला हवं, दुकानात नव्हे. कमी पडेल असं वाटत असेल तर धुण्याआधीच आणखी मीटरभर आणा.

तुमचं अर्धं धुतलेलं आणि अर्धं कोरं कापड पाहून मला तरी प्रश्न उरत नाही. बाकीचं अर्धंही धुवा. तुमच्या गोधडीत जुने शर्ट आहेत, आणि जुने शर्ट हे शेकडो वेळा धुतलेलं कापड. त्यांना परत कोरं करता येणार नाही, तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्यापर्यंत यायचं. शर्टांबद्दल तुम्ही निर्धास्त राहा, आटण्याच्या बाबतीत तरी. तयार शर्टांचं कापड पुष्कळदा गिरणीतच दाबून आटवलेलं असतं. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅनफोर्ड क्लुएट ह्यांनी ही पद्धत बसवली, तीही कॉलर आणि शर्ट बनवणाऱ्या कंपनीसाठी. जुन्या कापडांच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा छाप दिसतो, तो त्यांच्या नावावरून आला. त्यावर वडिलांनी इतकी वर्षं वापरून, धुऊन उरलंसुरलं आटणं संपवलं असणार.

तरीही अंदाजावर जाऊ नका, मोजा. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यातून २५ सेंटिमीटरचा चौकोन कापा. त्यावर न पुसल्या जाणाऱ्या पेनाने बरोब्बर २० सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि उभ्या धाग्याच्या दिशेने एक बाण काढा. बाण काढायचं विसरू नका, वाळल्यावर लांबी कुठली आणि रुंदी कुठली ते ओळखू येत नाही. हा तुकडा पुढे गोधडी जशी धुतली जाईल तसा धुवा, वाळवा, न ओढता इस्त्री करा आणि आखलेल्या रेघा पुन्हा मोजा. २० चे १९.४ झाले तर ३ टक्के. १९ झाले तर ५ टक्के. सगळ्या कापडांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहा. त्यांच्यात टक्का-दीड टक्क्याचाच फरक असेल तर न धुताही चालून जातं. त्याहून जास्त असेल तर सगळं धुवायचं. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे, पण पुढच्या वेळी मैत्रीण आणि बाई दोघींच्या मधे उभं राहायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

बॅटिंगचाही असाच तुकडा करून बघा. आईला सपाट, फारशी न सुरकुतणारी गोधडी हवी असेल तर पॉलिएस्टर बॅटिंग घ्या, किंवा ८० टक्के सूत आणि २० टक्के पॉलिएस्टरचं घ्या; ते शुद्ध सुतीपेक्षा सहसा कमी आटतं. शुद्ध सुतीच हवं असेल तर पाकिटावर आधी भिजवायची परवानगी दिली आहे का ते वाचा. दिली असेल तर टबात कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं, घुसळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. मशीनच्या फिरण्यात सुटं बॅटिंग तुटून त्याचे गोळे होतात. हेही लक्षात असू द्या की नुसत्या धावदोऱ्यांनीसुद्धा गोधडी लहान होते. टाके जितके दाट तितकी ती आत ओढली जाते, पाणी लागायच्या आधीच. आईच्या पलंगाचं माप घेताना हे दोन्ही मिळून चार-पाच इंच हातचे धरा.

५ इंची चौकोनांचं पाकीट ही जरा नाजूक गोष्ट आहे. हे तुकडे आधीच कापलेले, बहुतेकांच्या कडा नागमोडी. मशीनमध्ये टाकले तर दोऱ्यांचा गुंता हातात येईल आणि चौकोन चौकोन राहणार नाहीत. म्हणून असे तयार तुकडे सहसा न धुताच वापरतात. पण तुमच्याकडे ते धुतलेल्या शर्टांशेजारी बसणार. पाव इंच माया धरून शिवल्यावर चौकोन साडेचार इंचांचा उरतो. त्याचे ३ टक्के म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटर. एका चौकोनात हे काहीच वाटत नाही, पण ओळीत बारा चौकोन लागले की दीड इंचाहून जास्त फरक पडतो. मी काय करते सांगते. जाळीच्या पिशवीत चौकोन घालून गरम पाण्यात अर्धा तास नुसते बुडवून ठेवते, न चोळता काढते, एकेक टॉवेलवर पसरते आणि ओलसर असतानाच वरून इस्त्री दाबते, ओढत नाही. मग सगळ्यांत लहान झालेला चौकोन शोधायचा आणि बाकीचे त्याच मापाला कापायचे. साडेचार इंच धरलंत तर बहुधा सगळे बसतील. शर्टांचे तुकडेही त्याच मापाचे काढा. नमुना ५ इंचांचा सांगतो म्हणून पाचच हवेत असं नाही, सगळे सारखे असले की झालं. हा व्याप नको असेल तर ते पाकीट दुसऱ्या गोधडीसाठी ठेवून द्या. खरं सांगायचं तर मी ठेवूनच दिलं असतं. शर्टांच्या फिक्या रेघा-चौकड्यांना शेजारी नवे भडक तुकडे लागले तर नजर तिकडेच जाईल.

आता लाल रंग. तुम्ही कापड एकदा धुतलं होतं, तरी रंग गेला, ह्याचं तुम्हाला जास्त लागलंय. सुतावर आज पुष्कळ वापरले जाणारे रंग, ज्यांना रिअ‍ॅक्टिव्ह रंग म्हणतात, १९५६ मध्ये बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंध करून पक्के होतात. पण रंगवताना थोडा रंग बंध न करता धाग्यात नुसताच अडकून राहतो, गडद छटेत जास्तच. गिरणीत तो नीट धुऊन काढला नसेल तर पुढे आपल्या बादलीत उतरतो. हा सुटा रंग काढायला गरम आणि भरपूर पाणी लागतं. थंड पाण्यात एकदा खंगाळून तो आतच राहतो आणि भाचीच्या गरम पाण्याची वाट बघत बसतो. निळीचं, म्हणजे इंडिगोचं, वेगळंच: ती बंध करत नाही, धाग्यात नुसती बसून असते, म्हणून गडद निळं कापड धुऊनसुद्धा कोरड्या हाताला रंग लागतो.

मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो, असं पुष्कळ जणी सांगतात, तुम्हालाही कुणी सांगेल. रंगवताना मीठ वापरतात हे खरं. ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं, पण बंध घडवून आणायचं काम सोड्यासारख्या क्षाराचं. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगांना उपयोगी पडतं. रंगवून झालेल्या सुती कापडाला घरच्या बादलीत हे दोन्ही घालून रंग बसत नाही. त्यापेक्षा लाल, गडद निळा, जांभळा, काळा अशा प्रत्येक कापडाचा छोटा तुकडा गरम पाण्यात भिजवा, पांढऱ्या कापडावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. पांढऱ्यावर छाप उठला तर ते कापड एकटंच गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. चार वेळा धुऊनही पाणी रंगीत येत असेल तर ते गोधडीत घालू नका, कितीही जीव जडला असला तरी.

भाचीच्या गोधडीवरची गुलाबी झाकही बऱ्याचदा निघते. भाचीला सांगा, मोठ्या टबात हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी घ्यायचं, साधारण ६० अंश, थोडं डिटर्जंट, आणि गोधडी मोकळी तरंगेल इतकं पाणी भरायचं. हवेत वर आलेला भाग पुन्हा दाबून पाण्याखाली ठेवायचा. बारा तास तशीच ठेवायची. पाणी रंगीत झालं तर ओतून पुन्हा एकदा. पांढरं पांढरं दिसेपर्यंत ड्रायरमध्ये घालायची नाही, आणि दुमडून ओली ठेवायची नाही, नाहीतर लाल रंग नव्या ठिकाणी बसेल. तशीच थोडी झाक राहिली तर राहू द्या. बाळ ती गोधडी तोंडात घालणार, तिच्यावर काहीबाही सांडणार, ह्या गुलाबीला फार दिवस एकटं राहावं लागणार नाही.

नवं कापड धुताना काही गोष्टी सांभाळा. चारही कोपरे तिरके कापून टाका. दोरे कमी सुटतात, आणि कपाटात ठेवल्यावर कुठलं कापड धुतलेलं ते कोपऱ्यावरून कळतं. पुन्हा कधी अर्धं धुतलेलं-अर्धं कोरं अशी गल्लत होणार नाही. फिकं आणि गडद वेगळं धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने मागून चिकटवायचं पातळ अस्तर, नीट चिकटत नाही. पूर्ण कडक वाळायच्या आधी, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. कापड तिरकं झालेलं दिसलं तर समोरासमोरचे कोपरे धरून उरेब दिशेने हलकेच ओढा, काठ पुन्हा सरळ जुळतात. धुतल्यावर कापड लुळं पडतं, त्यामुळे बाईंना धुतलेलं कापड आवडत नसेल तर त्यात नवल नाही; त्याला कापण्याआधी खळ मारा, पुन्हा कोऱ्यासारखं ताठ होईल. फक्त खळ मारलेलं कापड महिनोन्महिने साठवू नका, कसर लागते. गोटाचं कापडही ह्याच धुण्यात घाला. ते विसरलं जातं आणि मग सगळी गोधडी सपाट, फक्त कड चुण्याचुण्यांची.

ज्यांना कापडाच्या नव्या वासाने शिंका येतात, अंगाला खाज सुटते, त्यांनी हिशेब न करता धुवावं. कापडाला सुरकुती पडू नये म्हणून लावलेल्या काही लेपांतून फॉर्मलडिहाइड सुटतं, आणि ते धुण्याने बरंच कमी होतं. भिंतीवर टांगायच्या, कधीच पाण्यात न जाणाऱ्या कामासाठी मात्र मी आजही कोरं कापड कापते. तिथे ताठपणा जास्त कामाचा.

आता शर्ट.

ताई, गोधडी आई पांघरणार. म्हणजे ती कधीतरी धुतली जाणार, सहा महिन्यांनी, वर्षाने. वास त्या दिवशी जाणारच आहे. तो आज तुमच्या हाताने जावा की तेव्हा आईच्या, एवढंच ठरवायचं आहे, आणि मला वाटतं आईवर ती वेळ आणू नये. गोधडी मळली तरी ती धुवायला काढणार नाही, पांघरायचंही टाळेल, आणि तुम्ही ती शिवलीत पांघरण्यासाठी. दुसरं कारण साधं आहे. कॉलर, काखा, मनगट इथे घामाचा आणि तेलाचा अंश राहतो. आज दिसत नसला तरी पुढे तिथे पिवळे डाग उठतात आणि कापड कमजोर होतं. कापण्याआधी शर्ट धुतलेच पाहिजेत.

पण सगळे नव्हेत. एक शर्ट वेगळा काढा. तो गोधडीत जाणार नाही, त्याला पाणी लागणार नाही, कात्री लागणार नाही. स्वच्छ जुन्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डांबरगोळ्या न घालता. बाकीच्यांना आपल्या नेहमीच्या साबणाने, सॉफ्टनरशिवाय, एकदा धुवा.

कापताना शिवणी उसवत बसू नका, शिवणीच्या कडेने कापून पाठ, दोन्ही पुढचे भाग आणि बाह्या वेगळ्या करा. सगळ्यांत मोठं सलग कापड पाठीला मिळतं; कोपरांजवळचं आणि खांद्यावरचं विरलेलं असतं, उजेडासमोर धरून बघा, पलीकडची खिडकी दिसली तर तो भाग सोडा. पातळ, सरकणाऱ्या कापडाला मागून हलकी फ्यूजिंग लावली की ते नव्या सुती कापडाच्या तोडीचं वागतं. आतल्या शिलाईवरचं लेबल वाचा. एखादा शर्ट पॉलिएस्टरमिश्रित निघाला तर इस्त्री मंद ठेवा, आटायची भीती त्याला नाहीच. तुकडे उभ्या धाग्याच्या रेषेत कापा, रेघांच्या शर्टाने ती रेषा आयतीच दिलेली आहे. खिसा उसवू नका. तो आहे तसा एका चौकोनाच्या मधोमध घ्या. आईचा हात रात्री तिथे जाईल अशा जागी, वरच्या कडेपासून हातभर अंतरावर, तो चौकोन लावता येईल.

एवढं सगळं करायच्या आधी मात्र एक काम आहे आणि ते तुमचं एकटीचं नाही. शर्ट कपाटातून काढून पलंगावर पसरा आणि आईला बोलवा. न धुता ठेवायचा तो एक शर्ट तिला निवडू द्या. तिला वेळ लागेल, लागू द्या. फ्लॅनेल तोवर गरम पाण्यात पडलेलं असेल.